पाटी कोणी द्यावयाची?

शाळेतील प्रत्येक मुलाच्या हाती शाळेने एकेक संगणक द्यावा काय, हा प्रश्न अलीकडे पालकसभांत निघतो, ग्रामसभांत निघतो, आणि निवडणुका जवळ आल्या म्हणजे प्रचाराच्या मंडपांतही निघतो. एक पक्ष म्हणतो, द्यावा. जग पुढे चालले आहे, आपली मुले मागे राहतील. दुसरा पक्ष म्हणतो, देऊ नये. मुलांचे डोळे जातील, अक्षर जाईल, पाढे जातील. दोन्ही पक्षांची भाषणे आम्ही पुष्कळ ऐकली आहेत. दोघेही हा प्रश्न आज प्रथमच उपस्थित झाला आहे अशा समजुतीने बोलतात, ही गोष्ट मात्र आम्हांस खटकते. संगणक नवा आहे खरा; परंतु शिकण्याचे हत्यार शाळेचे असावे की घरचे, ते सर्वांत मिळून एक असावे की ज्याचे त्यास वेगळे, आणि ज्याच्या घरी ते नाही त्याने काय करावे, हे वाद आपल्याकडे फार दिवसांपासून चालू आहेत. त्या वादांत आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचा वाटाही लहान नाही. म्हणून आजच्या विषयाचे नाव आम्ही संगणकावरून न ठेवता पाटीवरून ठेविले आहे.

आम्ही शिक्षणतज्ज्ञ नव्हे. शाळा आम्हांस लवकर सोडावी लागली. पुढे जे काही शिक्षण झाले ते कामगारांच्या सभांत आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा या विषयाकडे आम्ही कामगार चळवळीच्या चष्म्यातून पाहणार, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

कामगार चळवळीत एक जुना प्रश्न आहे : हत्यार कोणाचे? गवंडी थापी आपली आणतो, सुतार रंधा आपला आणतो, आणि मजुरी ठरविताना तो त्याचा हिशेब धरतो. आपल्या कोकणातून गिरणगावात गेलेल्या माणसाने माग काही डोक्यावरून नेला नाही. माग मालकाचा होता. उलट विडी वळणाऱ्या बाईने कात्री आपली आणावयाची, आणि आज घरोघर पार्सल पोहोचविणाऱ्या तरुणाची मोटारसायकल त्याची, पेट्रोल त्याचे, फोनही त्याचाच. ज्या धंद्यात हत्यार कामगाराच्या माथी मारलेले असते त्या धंद्यात मालकाच्या खर्चाचा एक भाग कामगाराच्या चुलीतून वसूल होत असतो, आणि तो कोणत्याच जमाखर्चात दिसत नाही. शाळेचे तसेच आहे. 'शिक्षण मोफत आहे, फक्त अमुक वस्तू घरून आणा' असे जेव्हा शाळा म्हणते, तेव्हा त्या 'फक्त'मध्ये काय दडले आहे ते पाहिले पाहिजे.

पंतोजींच्या काळी पाटी म्हणजे धूळपाटी. लाकडाची फळी, तिच्यावर पसरलेली बारीक माती किंवा विटेची भुकटी, आणि लिहावयास काडी, नाही तर बोट. लिहावे, मोडावे, फळी हलवून पुन्हा लिहावे. धुळाक्षर हा शब्द त्यावरूनच मराठीत आला. हे हत्यार ज्याचे त्यास वेगळे होते, कारण त्यास जवळजवळ काहीच पडत नव्हते. शाळेचा खरा खर्च तो पंतोजीचा, आणि शाळेचा खरा अडसर तो जातीचा. त्या काळी मूल शाळेबाहेर राहिले ते पाटीवाचून राहिले नाही.

पुढे जे घडले त्यात मोठी गंमत आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल नावाचा पाद्री मद्रास येथे सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा चालवीत होता. त्याने मलबारी मुलांना वाळूत अक्षरे गिरविताना पाहिले, ती रीत आपल्या शाळेत आणली, मोठ्या मुलांकडून लहानांस शिकवून घेतले, आणि १७९७ साली इंग्लंडात त्या प्रयोगाचे पुस्तक छापले. त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर याने एकाच दालनात शेकडो मुले बसवून तशीच पद्धत चालविली, आणि दगडी पाटीचा वापर फैलावला. कागद महाग, पाटी पुसता येते. मास्तर महाग, मोठा मुलगा फुकट शिकवितो. असा तो सगळा हिशेब होता. १८२० नंतर मुंबईत नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने शाळा काढल्या, तेव्हा हीच पद्धत विलायतेचा शिक्का घेऊन आपल्याकडे परत आली. येथून वाळू गेली आणि तिकडून दगड आला, एवढाच फरक. प्रत्येक मुलाच्या हाती स्वतंत्र साधन देण्याच्या योजनेची ही आपल्याकडील पहिली आवृत्ती म्हणावयास हरकत नाही, आणि तिच्या पोटी मास्तरांचा खर्च वाचविण्याचा विचार जन्मापासून होता. ही गोष्ट लक्षात ठेवावी. ती पुन्हा भेटणार आहे.

दगडी पाटी मात्र धुळीसारखी फुकट नव्हती. ती विकत घ्यावी लागे, आणि ती फुटे. पेन्सिल झिजे. सुखवस्तू घरात या खर्चाची कोणी नोंदही घेत नसे. ज्या घरात संध्याकाळचे तांदूळ संध्याकाळी आणावयाचे त्या घरात फुटलेली पाटी म्हणजे महिनाभर शाळा बंद. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. आम्हांस त्याच निवेदनातील दुसरी एक मागणी अधिक महत्त्वाची वाटते. प्राथमिक शिक्षकास बारा रुपयांपेक्षा कमी पगार असू नये, असे त्यांनी आकडा घालून लिहिले. सक्ती, मोफत, हक्क हे शब्द पुढे सर्वांनी उचलले. शिक्षकाच्या पगाराचा आकडा घालून बोलणारे थोडे निघाले. संघटनेत काम करणाऱ्या माणसाला मागणीपत्रात आकडा दिसला की लिहिणारा जाणता आहे हे कळते.

नामदार गोखले आपल्या गुहागर तालुक्यातील कोतळूकचे. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. विधेयक अगदी मवाळ होते : सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरते, तेही जेथील नगरपालिका किंवा लोकल बोर्ड मागेल तेथेच. पण त्यात एक कलम असे होते की, ज्या पालकाचे उत्पन्न महिना दहा रुपयांहून अधिक नाही त्याच्याकडून फी घेऊ नये. सक्ती करावयाची तर गरिबाचा खर्च सरकारने सोसावा, हे तत्त्व त्या कलमात होते. १९ मार्च १९१२ रोजी विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. विरोध करणारे केवळ साहेब लोक नव्हते. पुष्कळ जमीनदारही होते, आणि शेतावरची पोरे शाळेत गेली तर मजूर कोठून आणावे ही त्यांची चिंता होती. इकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि मूल न धाडणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेविला. दंडाची ही गोष्ट सांगताना लोक हसतात. पण ज्या राजाने दंड ठेविला त्याने फी माफ करून ठेविला, हे विसरू नये.

फी माफ झाली, तरी वस्तूंचा प्रश्न राहिलाच. त्याचे सर्वांत कडू उदाहरण आपल्याच जिल्ह्याच्या एका पुत्राचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. वडील लष्करातून निवृत्त झाल्यावर कुटुंब काही काळ दापोलीस राहिले आणि मग साताऱ्यास गेले. साताऱ्याच्या शाळेत त्यांना वर्गाच्या कोपऱ्यात वेगळे बसावे लागे, आणि बसावयाचे गोणपाट घरून आणावे लागे. शाळेचा शिपाई त्या गोणपाटास हात लावीत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यावयाचे आणि सकाळी परत आणावयाचे. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. शाळेचे दार कायद्याने उघडे होते. फक्त बैठक घरची! वस्तू घरून आणण्याची सक्ती किती दूरवर जाऊ शकते ते यावरून दिसते. गरिबीपुरती ती थांबत नाही. कोण कोणाच्या शेजारी बसणार हेही तीच ठरवू लागते.

खुद्द रत्नागिरीत १९२४ ते १९३७ या काळात सावरकर स्थानबद्ध होते, तेव्हा अस्पृश्य मानलेल्या वस्त्यांतील मुले शाळेत यावीत म्हणून त्यांनी पाट्या आणि खडू वाटले, आणि शाळेत सर्व मुलांना सरमिसळ बसवावे यासाठी खटपट केली. त्यांच्या इतर मतांविषयी आमचे मतभेद आहेत, आणि ते अन्यत्र आम्ही मांडीत असतो. येथे पाटीपुरते एवढेच म्हणावयाचे की, पाटी वाटणे आणि बैठक बदलणे ही दोन्ही कामे बरोबरच करावी लागतात, हे त्या खटपटीत दिसून आले. नुसती पाटी दिली असती तर मूल ती घेऊन ओटीवर, दाराबाहेर बसले असते.

स्वातंत्र्यानंतरचा इतिहास लांब आहे. तो आम्ही उडवून पुढे जातो. मुलांच्या शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याखाली केंद्राने जे आदर्श नियम केले त्यांत स्पष्ट म्हटले आहे की, सरकारी शाळेतील मुलास पाठ्यपुस्तके, लेखनसाहित्य आणि गणवेश मोफत मिळण्याचा हक्क आहे. लेखनसाहित्य! दोनशे वर्षांच्या भांडणाचा निकाल या एका शब्दात लागला. तरी प्रत्यक्षात काय होते ते पाहा. पुस्तके मिळतात, वह्या पालक घेतात. २०२३-२४ या वर्षी राज्याने पाठ्यपुस्तकांतच कोरी पाने शिवून दिली, म्हणजे वही वेगळी घ्यावयास नको आणि दप्तरही हलके. परंतु मुलांनी वह्या आणणे सोडले नाही, दप्तर हलके झाले नाही, आणि २०२५-२६ पासून ती कोरी पाने काढून टाकण्याचा निर्णय झाला. साध्या वहीची जेथे ही कथा, तेथे संगणकाची काय सांगावी?

आता यंत्राकडे येऊ. आपल्या देशातील शाळांत संगणक नेण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न १९८४ सालचा. 'क्लास' नावाच्या प्रकल्पात निवडक शाळांना विलायती बनावटीचे बीबीसी मायक्रो संगणक दिले गेले. त्यानंतर संगणकाच्या खोल्या आल्या. आपल्या राज्यात २००७-०८ पासून अशा खोल्या उभारण्याचे काम खाजगी कंपन्यांकडे पाच-पाच वर्षांच्या कराराने दिले गेले. यंत्रे कंपनीची, शिकविणारा शिक्षकही कंपनीचा, आणि मुदत संपली म्हणजे सारे शाळेच्या ताब्यात. मुदत संपली तेव्हा यंत्रे जुनी होऊन ताब्यात आली आणि शिक्षक घरी गेला. त्या शिक्षकांनी आझाद मैदानावर धरणी धरली. पुष्कळ गावांत ती खोली आजही आहे. किल्ली कोणाकडे आहे हे विचारावे लागते.

खोलीतला संगणक नको, प्रत्येक मुलास त्याचा स्वतःचा द्या, हा विचार अमेरिकेत निघाला. ॲलन के या शास्त्रज्ञाने १९७२ सालीच मुलांसाठी पाटीएवढ्या संगणकाची कल्पना कागदावर मांडली होती. २००५ साली निकोलस नेग्रोपोंटे यांनी जाहीर केले की, गरीब देशांतील मुलांसाठी शंभर डॉलरचा लॅपटॉप आम्ही बनवू. बनला तेव्हा तो सुमारे दुप्पट किमतीस पडला. आपल्या केंद्रीय शिक्षण खात्याने २००६ साली ही योजना नाकारली. वर्ग आणि शिक्षक यांची गरज आधी आहे, असे त्याचे म्हणणे होते. तथापि पुढच्याच वर्षी, २००७ साली, या लॅपटॉपचा भारतातील पहिला प्रयोग झाला तो आपल्या कोकणातच. रायगड जिल्ह्यात खैराट येथील धनगरवाड्यावर एक-शिक्षकी, एका खोलीची शाळा, वीस-बावीस मुले. प्रत्येकास एकेक हिरवा-पांढरा लॅपटॉप मिळाला. मुले घरी नेत, चित्रे काढीत, फोटो घेत, एकमेकांचे पाहून शिकत. शाळेची गोडी वाढली असे पाहणाऱ्यांनी लिहिले, आणि त्यावर अविश्वास ठेवण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. मुलाच्या हाती नवे हत्यार आले की त्याला हुरूप येतोच. पण त्या वाड्यावर जाऊन बसणारे, बिघडलेले पाहणारे, गुरुजींस मदत करणारे लोक बाहेरून आले होते. असे लोक हजार वाड्यांवर कोण पुरविणार?

याचे उत्तर दक्षिण अमेरिकेतील दोन देशांनी दोन तऱ्हांनी दिले. पेरू देशाने आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले, त्यांतील पुष्कळ डोंगरांतील खेड्यांत. २०१२ साली ३१९ शाळांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. सुमारे सव्वा वर्ष लॅपटॉप वापरल्यावर मुलांच्या गणितात आणि भाषेत काही फरक पडलेला आढळला नाही. तर्कबुद्धीच्या चाचण्यांत मात्र थोडी सुधारणा दिसली. उरुग्वे हा आकाराने लहान देश. त्याने २००७ साली सुरुवात करून २००९ अखेर सरकारी प्राथमिक शाळेतील प्रत्येक मुलास यंत्र दिले, आणि त्यासाठी एक कायमची संस्था उभी केली : जोडणी तिची, दुरुस्ती तिची, शिक्षकांचे प्रशिक्षण तिचे. तेथेही पहिल्या वर्षांत गणिताचे गुण काही वाढले नाहीत. पण २०२० साली जगभर शाळा बंद पडल्या तेव्हा उरुग्वेतल्या मुलांच्या हाती यंत्र होते, जोडणी होती, आणि पलीकडे शिकविणारा शिक्षक ती वापरावयास सरावलेला होता. दुरुस्तीचे दुकान आधी घातले, त्याचे फळ तेरा वर्षांनी मिळाले.

आपल्याकडे मुंबई महापालिकेने २०१५ साली आपल्या शाळांतील आठवीच्या सुमारे बावीस हजार मुलांस टॅब दिले. वर्षाची पुस्तके त्यात भरलेली, म्हणजे दप्तराचे ओझे कमी. हेतू चांगला होता, आणि महापालिकेच्या शाळेतले मूल ताठ मानेने टॅब घेऊन वर्गात बसले ही गोष्ट आम्ही क्षुल्लक मानीत नाही. ती मुले म्हणजे गिरणगावातल्या आपल्याच माणसांची नातवंडे. पण पुढे बॅटऱ्या बसल्या, बंद पडलेल्या टॅबांच्या तक्रारी वृत्तपत्रांतून येऊ लागल्या. वाटपाला समारंभ असतो, दुरुस्तीला नसतो.

मग आला २०२० चा मार्च. शाळा बंद, पण शिक्षण चालू आहे, असे सांगितले गेले. ते कशावर चालू होते? पालकाच्या फोनवर. म्हणजे लेखनसाहित्य मोफत देण्याचा कायदा अमलात आल्यावर सुमारे दहा वर्षांत सर्व देशाची शाळा घरच्या हत्यारावर चालू लागली, आणि त्यावर कोणी मोर्चा काढला नाही. आम्हीही नाही, कारण रोगाची धास्ती मोठी होती. 'असर' या २०२१ सालच्या पाहणीप्रमाणे ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ साली हेच प्रमाण ३६.५ टक्के होते. तीन वर्षांत जवळजवळ दुप्पट! हे पैसे आले कोठून? कर्जातून, दागिन्यांतून, पोटाला चिमटा घेऊन. आणि ज्यांच्या घरी फोन आला त्यांतीलही सव्वीस टक्के मुलांच्या हाती तो अभ्यासासाठी लागत नव्हता. आमच्या संघटनेतील घरांत हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. घरात फोन एक. तो घेऊन बाप सकाळी कामावर. गुरुजी अकरा वाजता धडा पाठवीत, मुलगी तो रात्री नऊला पाही. दोन भावंडे असली तर मोठ्याची परीक्षा आधी, आणि मोठा मुलगा असेल नि धाकटी मुलगी असेल तर बोलावयासच नको.

त्यात ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. दापोली, मंडणगडकडील विजेचे खांब आडवे झाले, आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. ज्यांच्या घरी फोन होता त्यांचाही फोन चार्ज होईना. तेव्हा पुष्कळ ठिकाणी गुरुजी आणि बाई पायी वाड्यावर गेल्या, देवळाच्या सभामंडपात, मांगराच्या पडवीत मुले जमविली, आणि वाचून दाखविले. यंत्राने साथ सोडली त्या दिवशी शाळा चालली ती माणसावर. हेच जर उलट झाले असते, म्हणजे यंत्र उत्तम आणि गुरुजींची जागा रिकामी, तर? हा प्रश्न काल्पनिक नाही. २०२३ साली आंतरजिल्हा बदल्यांनी आपल्या जिल्ह्यातून शेकडो शिक्षक एकदम बाहेर गेले, आणि मागे राहिलेल्या शाळांत एकेका शिक्षकाने चार-चार वर्ग ओढले. अशा वेळी कोणी टॅबांची गाडी घेऊन आला तर त्याचे स्वागत करण्यापूर्वी आम्ही विचारू, हे जास्तीचे आहे की बदलीचे? लँकेस्टरच्या पाटीपासून हा हिशेब चालत आला आहे, आणि बहुधा तो गरिबाच्याच शाळेत मांडला जातो.

हत्यार दिले जाते पण ते कामास येत नाही, तेव्हा काय करावे, हे आम्ही बायकांकडून शिकलो. राज्यातील अंगणवाडी सेविकांना कामासाठी सरकारी मोबाईल मिळाले होते. ते कमी ताकदीचे, त्यावर माहिती भरावयाचा ॲप चालता चालेना, त्यातली भाषा इंग्रजी, आणि बिघडला तर खर्चाचा प्रश्न. २०२१ च्या ऑगस्टमध्ये या सेविकांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून ते मोबाईल गोळा करून सरकारला परत केले. फुकट मिळालेली वस्तू परत करण्याचे आंदोलन आपल्या चळवळीच्या इतिहासात विरळाच. मोबाईल नको असे त्यांचे म्हणणे नव्हते. चालणारा द्या, मराठीत द्या, दुरुस्ती तुमची, आणि आमच्या स्वतःच्या फोनवर सरकारचे काम लादू नका, असे चार कलमांचे सरळ म्हणणे होते. शाळेतील संगणकाच्या प्रश्नावर एवढा स्वच्छ मसुदा आम्ही कोणत्याही समितीच्या अहवालात वाचलेला नाही.

तेव्हा आमचे म्हणणे काय? जे काम शाळा यंत्रावाचून करू देत नाही, त्या कामाचे यंत्र शाळेने दिले पाहिजे. प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा सराव, प्रकल्पाचे टंकलेखन हे सारे आता नववी-दहावीपासून पुढे यंत्रावर जाऊ लागले आहे. ज्याच्या घरी यंत्र नाही तो मुलगा बाजारातल्या दुकानात तासाचे पैसे मोजून ते करतो. त्याच्यासाठी शाळेने यंत्र द्यावे, आणि ते शाळेच्या मालकीचे, वाचनालयातील पुस्तकासारखे नावावर चढवून दिलेले असावे. राज्य सरकारची महाज्योती ही संस्था प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी इतर मागासवर्गीय आदी विद्यार्थ्यांना टॅब आणि इंटरनेट देते. म्हणजे तत्त्व सरकारला मान्य आहे, फक्त ते सर्व गरिबांना लागू व्हावयाचे आहे. लहान वर्गांची गोष्ट मात्र वेगळी. पहिली-दुसरीच्या मुलाच्या बोटाला अजून वळण यावयाचे असते. स्वीडनसारख्या श्रीमंत देशाने बालशाळेपर्यंत पडदे नेले आणि २०२३ साली पुन्हा छापील पुस्तकांकडे पैसा वळविला. मधल्या वर्गांना दहा-बारा मुलांत फिरणारी चार यंत्रे पुरे होतील, असे आमचे मत आहे, आणि ते कोणी खोडून दाखविले तर आम्ही ऐकू.

कोणी म्हणेल, सामायिक वस्तूची आबाळ होते. तसे असते तर १८२८ साली निघालेले आपले नगर वाचनालय आज उभे दिसले नसते. तेथील पुस्तक शंभर हातांतून जाते. ते टिकते, कारण ते कोणाकडे गेले हे लिहून ठेवणारा माणूस बाकावर बसलेला आहे आणि त्याला पगार आहे. प्रत्येक केंद्रशाळेत यंत्रांसाठी असा एक माणूस हवा. कराराचा नव्हे, कायमचा. तालुक्याला दुरुस्तीचे एक ठिकाण हवे, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकणाऱ्या मुलांना त्यात काम मिळू शकते. आपल्याकडची हवा खारी, पावसाळा चार महिन्यांचा. यंत्राला बुरशी लागते, चार्जरची टोके गंजतात. नागपूरच्या किंवा दिल्लीच्या हवेसाठी केलेल्या खरेदीच्या अटी येथे चालत नाहीत, हे टेंडर लिहिणाऱ्यास कोणी तरी आधी सांगावयास पाहिजे.

यंदाच्या मागणीपत्राचा मसुदा आम्ही तयार केला आहे. त्यात पहिले कलम शिक्षकांच्या रिकाम्या जागांचे, दुसरे दुरुस्तीच्या ठिकाणाचे, आणि तिसरे नववी-दहावीच्या यंत्रांचे आहे. काही पालकांचा आग्रह आहे की तिसरे कलम पहिले करावे. शिक्षक येईल तेव्हा येईल, पोराचे वर्ष जाते आहे, असे ते म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे आम्हांस म्हणवत नाही. शृंगारतळी आणि पाली येथील बैठकांत त्यावर बोलणे झाले, अजून एकमत झालेले नाही. पुढील बैठक लांज्यास आहे.